पन्नाशीच्या पुढच्यांना प्रवेश नाही

जळगाव
१९ सप्टेंबर २०२४

विधी,

जय जिनेंद्र. आधी 'चि. विधी' असं लिहिलं होतं, मग तो कागद फाडला. पावणेतीन वर्षांनी पहिलं पत्र लिहायचं आणि सुरुवातीलाच लाड करायचे, हे माझं मलाच पटेना.

संवत्सरीचं कार्ड तू परत पाठवलंस, ते काल दुकानात आलं. मागच्या बाजूला तुझ्या अक्षरात एकच शब्द आहे: कशाबद्दल?

खरं सांगतो, डोकं फिरलं. दरवर्षी आपल्या घरून पाचशे कार्डं जातात. सुरतेच्या व्यापाऱ्यांना जातात, दाताच्या डॉक्टरला जातं, समोरच्या भांडीवाल्याशी मी वीस वर्षं बोललेलो नाही, त्यालासुद्धा जातं. 'वर्षभरात कळत-नकळत आपलं मन दुखावलं असल्यास मन, वचन, कायेने क्षमा मागतो.' लोक वाचतात, कपाळाला लावतात आणि रद्दीत टाकतात. उलट टपाली जाब कुणी विचारत नाही. तू विचारलास. माझीच लेक शोभलीस.

जेवण झाल्यावर पाकीट पुन्हा नीट बघितलं. अनुजनं पत्ते कॉम्प्युटरवर छापून चिकटवलेत. तुझ्या पाकिटावर होतं, 'विधी घेवरचंद, सपरिवार'. परिवार सगळा इथं जळगावात, आणि पाकीट धुळ्याला! अनुजवर ओरडलो, तर तो शांतपणे म्हणाला, "पप्पा, तीन वर्षं असंच जातंय. गिऱ्हाइकांच्या यादीत तिचं नाव तुम्हीच घातलं होतं." मी घातलं होतं, हे खरं आहे.

तर ऐक, कशाबद्दल ते. दुकानाच्या वरची खोली तुला वर्गासाठी दिली नाही, त्याबद्दल. एवढी फिजिओथेरपी शिकून, पुण्याला जाऊन तो पिलाटीज का काय तो कोर्स करून आलीस, आणि मी म्हणालो, "लोकांच्या बायका आता आपल्या माडीवर लोळणार का?" त्याबद्दल. धुळं काही सातासमुद्रापार नाही, तरी एकदाही आलो नाही, त्याबद्दल. झालं समाधान?

मम्मी बरी आहे. वॉकर धरून घरातल्या घरात चालते. दर रविवारी तुझा फोन झाला की बराच वेळ खिडकीशी बसून राहते. मी विचारतो, काय म्हणाली? ती म्हणते, तुम्ही लावा फोन आणि तुम्हीच विचारा. फोन लावायला माझा हात धजत नाही. कागद बरा, कागद मधेच बोलत नाही.

तुझे,
पप्पा

ता. क. माझी कंबर धरली आहे, डाव्या पायात कळ जाते. डॉक्टरांनी व्यायाम सांगितला आहे. काळजी करू नकोस, म्हणजे करत असलीस तर.


जळगाव
६ ऑक्टोबर

विधी,

तुझं उत्तर आलं नाही. ठीक आहे. माझंही पावणेतीन वर्षं गेलं नव्हतं.

एक गोष्ट कबूल करायची आहे. हसशील, तर इथपर्यंत ऐकू येईल असं हस. डॉक्टरांनी चिठ्ठी देऊन ज्या वर्गात पाठवलं, तो तुझ्याच पिलाटीजचा निघाला. रिंग रोडला रत्ना नावाच्या मुलीनं चालवला आहे. तुझ्याच वयाची असेल. नाचता येईना अंगण वाकडं, तसं मी पहिल्या दिवशी जमीन थंड आहे, चटई पातळ आहे, पंखा जोरात आहे, सगळं सांगून पाहिलं. तिनं जाड चटई आणली, पंखा बंद केला आणि म्हणाली, "काका, आता झोपा."

झोपवण्याआधी मला भिंतीशी उभं केलं होतं. "डावा खांदा दोन बोटं खाली आहे," म्हणाली. पंचेचाळीस वर्षं गादीवर बसलो ते डावं कोपर लोडावर टेकवून, उजवा हात गिऱ्हाइकापुढे कापड पसरायला मोकळा. देह त्याच घडीला पडला आहे. तूही मला हेच म्हणाली होतीस, बारावीत असताना. मी तुला म्हणालो होतो, अभ्यास कर.

पहिले चार दिवस नुसता श्वास. अडुसष्ट वर्षं घेतोय, आता ही शिकवणार! तिनं एक सुती ओढणी माझ्या बरगड्यांभोवती गुंडाळली आणि म्हणाली, नाकानं श्वास घ्या, पोट फुगवू नका, छाती वर उचलू नका, ही ओढणी दोन्ही बाजूंना रुंद करा. सोडताना तोंडानं सोडा, आणि बेंबीखालचं पोट हलकेच आत घ्या, दाबून नव्हे. ओढणी चांगल्या पोताची होती. ती रुंद करायला मला तीन दिवस लागले.

शेजारच्या चटईवर असोद्याच्या बेबाबाई असतात. वीस वर्षं डोक्यावर केळीचे घड वाहिले, मान आणि कंबर दोन्ही गेलं होतं. त्यांचं लक्ष स्वतःच्या व्यायामापेक्षा माझ्यावर जास्त. काल मला भर वर्गात म्हणाल्या, "ओ शेठ, श्वास कोंडू नका ना! तोंड पार वांग्यासारखं झालं तुमचं!" सगळा वर्ग हसला. मीही हसलो, तेव्हा श्वास आपोआप सुटला.

रत्नाचं आणखी एक म्हणणं आहे. पाय दहा वेळा फेकण्यापेक्षा तीन वेळा नेमका उचला. मन त्या पायातच पाहिजे, दुकानात नको. मीटरपट्टीवर कापड ताणून मोजणारा नोकर मी एका दिवसात काढून टाकायचो, आणि इथं मीच झटके देत पाय वर नेत होतो. आता सावकाश नेतो, सावकाश आणतो. खाली आणताना जास्त कष्ट पडतात. कळ गुडघ्यापर्यंत जायची, ती आता मांडीतच थांबते.

घरी सांगितलेलं नाही. फिरायला जातो असं सांगून निघतो. मम्मीला कुठल्या तोंडानं सांगू?

तुझे,
पप्पा


जळगाव
२१ ऑक्टोबर

विधी,

तुझं पोस्टकार्ड मिळालं. 'श्वास रोखू नका. मान उशीवर असू द्या. घाई नको.' नाव नाही, नमस्कार नाही. तरी मी ते दिवसभर सदऱ्याच्या खिशात बाळगलं. बेबाबाईंना वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, "पोरगी रागात हाये, पन बापाच्या मानेची काळजी हाये तिले."

तुझं ऐकतो आहे. मान उशीवर असते.

आता पाठ उचलायला शिकलो. गुडघे दुमडून, तळवे जमिनीवर ठेवून, श्वास सोडत माकडहाडापासून एकेक मणका वर, आणि येताना छातीकडून एकेक मणका खाली. पहिल्यांदा सगळी पाठ एकदम धप्पकन पडायची. परवा पहिल्यांदा ती अखंड गेली आणि अखंड आली, कुठं अडखळली नाही. असा आनंद मला अलीकडे कशाचा झाला नव्हता. आणि सामायिकाच्या ध्यानाला अठ्ठेचाळीस मिनिटं मी पुन्हा जमिनीवर आसन टाकून बसतो. दोन वर्षं खुर्चीत बसत होतो, बाकीचे लोक खाली आणि मी वर, मोठी लाज वाटायची.

वर्गात सगळ्या तऱ्हेची माणसं आहेत. एक बँकेतली पोटुशी मुलगी आहे, एक धावणारा पोऱ्या आहे, एक मास्तर आहेत त्यांचा हात थरथरतो. मी रत्नाला म्हणालो, हे सगळ्यांना कसं चालतं? ती म्हणाली, "चालतं, पण सगळ्यांना एकच नाही चालत, काका. हाडं ठिसूळ असतील त्यांना मी पुढं वाकायचे प्रकार देत नाही. खाली झोपता येत नसेल, त्यांना खुर्चीत बसून. ज्यानं हे शोधलं, त्यानं म्हणे अंथरुणाला खिळलेल्यांसाठी त्यांच्या खाटेलाच स्प्रिंगा बांधल्या होत्या. म्हातारपणी तर हे जास्त हवं. तोल सुधारतो, माणूस कमी वेळा पडतो."

माणूस कमी वेळा पडतो, असं म्हणाली. मी चटईची घडी घालायला लागलो.

हे पत्र इथंच संपवणार होतो, पण आज दुपारी सुपडू आला. तो साक्रीकडचा, माल पोचवायला धुळ्याला जातो, हे तुला माहीतच आहे. देवपुरात तुझी पाटी बघून आला. मी सहज विचारल्यासारखं विचारलं, वर्ग कसा चालतो ताईचा? तो म्हणाला, "ब्येस चालस शेठ. पन ताई बठ्ठासले शिकाडस, म्हातारासले नही. पन्नासना वरनी बाई उनी का हात जोडस नि परत धाडी देस. पाटीवर लिखेल शे."

बाकी सगळ्यांना शिकवतेस आणि पाटीवर लिहिलंय, पन्नाशीच्या पुढच्यांना प्रवेश नाही? तू? तू तर आपल्या माडीवर लावायला जी पाटी रंगवून आणली होतीस, तिच्यावर 'सर्वांसाठी' असं लिहिलं होतंस. 

मला कळलं, का ते. सुपडूला चहा दिला आणि मी आतल्या खोलीत जाऊन बसलो.

पुढचं आज लिहिता येत नाही.

पप्पा


जळगाव
२४ ऑक्टोबर

विधी,

कशाबद्दल, असं तू विचारलं होतंस. पहिल्या पत्रात मी जे लिहिलं ते सगळं खरं होतं, आणि त्यातलं काहीच उत्तर नव्हतं. मला उत्तर माहीत होतं.

मम्मी तुझ्या व्यायामानं पडली नाही. ती स्टुलावरून पडली, आणि स्टुलावर तिला मी चढवलं.

तू त्या दिवशी बोदवडला शिबिराला गेली होतीस. संक्रांतीचा आदला दिवस. सुरतेहून व्यापारी येणार होते आणि मला त्यांच्यापुढे मिरवायचं होतं. दादाजींच्या वेळची, जुन्या कापडांच्या नमुन्यांची पेटी माळ्यावर होती, ती मला त्या क्षणी खाली हवी होती. मम्मी म्हणाली, सुपडूला येऊ द्या. मी म्हणालो, "एवढ्याशा कामाला सुपडू कशाला? रोज सकाळी पोरीसमोर पाय हवेत करतेस, आता जरा उपयोग दाखव." ती चढली. मी स्टूल धरलं नाही. मी फोनवर बोलत होतो. पेटी आधी आली आणि तिच्या मागून मम्मी आली.

दवाखान्यात सगळे जमले. खुब्याचं हाड मोडलंय, ऑपरेशन करावं लागेल, हे डॉक्टरांनी सांगून झालं होतं. तुझी आत्या सगळ्यांसमोर म्हणाली, "ती विधी रोज तिला एका पायावर उभी करते म्हणे, त्यातच पडली असेल." सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. मी म्हणालो, "तेच ना."

दोन शब्द. व्यापारात मी कधी एक बोट कापड कमी दिलं नाही, आणि इथं दोन शब्दांत पोटच्या पोरीला विकून टाकलं.

तू बोदवडहून सरळ तिथं आलीस, खांद्यावर शिबिराची पिशवी होती. तू मला बाजूला घेऊन विचारलंस, "पप्पा, मी सकाळी तिला दाराची चौकट धरून एका पायावर उभं राहायला सांगून गेले होते. ते करताना पडली का?" तेव्हा अजून वेळ गेली नव्हती. मी भिंतीकडं बघत म्हणालो, "मग कशानं पडेल?" तुझा चेहरा मी बघितला, विधी. तरी बोललो नाही.

मम्मीला तिसऱ्या दिवशी कळलं, मी काय सांगितलंय ते. मी तिचे हात धरले. म्हणालो, चारचौघांत माझी मान खाली जाईल. ती गप्प राहिली. तिला वाटलं, पोरगी चार दिवस रुसेल आणि विसरेल. तू आठव्या दिवशी घर सोडलंस. नंतर फोनवर ती तुला कितीदा म्हणाली असेल, बेटा, तुझ्यामुळं नाही झालं. पण स्टुलाचं नाव घेतलं असतं, तर नवरा खोटा ठरला असता, म्हणून तेवढंच ती गाळायची. तू मम्मीच्या बोलण्याला समजूत मानलंस आणि माझ्या बोलण्याला साक्ष.

मला वाटायचं, तू माझ्यावर रागावून गेलीस. राग काय, आज ना उद्या जातो. पण तू स्वतःला गुन्हेगार धरून बसली आहेस आणि त्यापायी दारात आलेल्या म्हाताऱ्या बायांना हात जोडते आहेस, हे मला सुपडूनं सांगेपर्यंत माहीत नव्हतं. ज्या कामासाठी तू माझ्याशी भांडलीस, ते काम मी तुझ्या हातून काढून घेतलं.

याबद्दल. हे कार्डावर छापता येत नाही.

तुझी फार आठवण येते. सकाळी मधल्या खोलीतून तुम्हा दोघींचा आवाज यायचा, तू आकडे म्हणायचीस आणि मम्मी मधेच गप्पा मारून ते चुकवायची. मी बाहेरून ओरडायचो, आवाज कमी करा. आता ती खोली इतकी गप्प असते की मी तिथं रेडिओ लावून ठेवतो.

घेवरचंद
(पप्पा लिहायचा आज धीर होत नाही.)


जळगाव
३ नोव्हेंबर

विधी,

काल पाडवा झाला. दरवर्षीप्रमाणे सगळं कुटुंब आपल्याकडे जेवायला होतं. दवाखान्यात त्या दिवशी जे जे होते ते सगळे, शिवाय सुना-नातवंडं. पंगत बसली, वाढून झालं, आणि मी उभा राहिलो.

लोकांना वाटलं, अनुजच्या नव्या गोदामाचं काही सांगतो आहे. मी सांगितलं, पानबाई, तुझी मम्मी, कशी पडली ते. स्टूल, पेटी, फोन, सगळं. 'तेच ना'सुद्धा सांगितलं. रत्नानं शिकवल्याप्रमाणे श्वास सोडत बोललो, म्हणून शेवटपर्यंत आवाज टिकला.

आत्या म्हणाली, "सणासुदीचं हे कशाला काढलंस, घेवर? झालं गेलं." मी म्हणालो, "अक्का, झालं खरं, पण गेलं नाही. पोरगी गेली." अनुज ताटावरून उठून बाहेर गेला, त्याला हे माहीत नव्हतं. रात्रीपासून तो माझ्याशी कामापुरतंच बोलतो. माझी तक्रार नाही.

आणि तुझी मम्मी? मला वाटलं होतं, डोळे पुसेल. तिनं ताट बाजूला सारलं आणि सगळ्यांदेखत म्हणाली, "एवढंसं बोलायला तीन वर्षं लागली तुम्हाला. माझं हाड तीन महिन्यांत जुळलं होतं."

पाहुणे गेल्यावर तिनं मला विचारलं, रोज फिरायला जाता ते नक्की कुठं? मी सांगितलं. तिनं वॉकर पुढ्यात ओढला. मग म्हणाली, "माझ्या पोरीचा व्यायाम तुम्ही करता आणि मी खिडकीत बसते?"

रत्ना उद्यापासून घरी येणार आहे. डॉक्टरांना विचारून घेतलं आहे.

तुझे,
पप्पा


जळगाव
१५ डिसेंबर

विधी,

तुझं पत्र आलं. तीन वर्षांतलं पहिलं पत्र.

तू लिहिलंस: 'एकसष्ट बायका मी परत पाठवल्या. सगळ्यांची नावं मला पाठ आहेत. त्यातली एक नंतर घरात पडली आणि उठलीच नाही. तिला मी शिकवलं असतं तर कदाचित पडली नसती. तुमच्या माफीचं मी काय करू, पप्पा? आधी ती कुणाकुणाला देऊ? सध्या तुम्ही येऊ नका.'

येत नाही. तू म्हणशील तेव्हाच येईन, आणि म्हणालीच नाहीस तर तेही मी कमावलेलंच आहे. बैल गेला आणि झोपा केला, अशी माझी गत आहे. तुझं एकही वाक्य मला खोडता येत नाही. फक्त त्या एकसष्टांत तुझा दोष धरू नकोस. तो माझ्या नावावर घाल.

मम्मीचं तेवढं सांगू दे. तुला ती फोनवर सांगत नाही, कारण आधी जमू दे म्हणते.

पहिल्या आठवड्यात ती नुसती खुर्चीच्या काठावर बसली. पाठ टेकायची नाही, तळवे जमिनीवर, बरगड्या रुंद, पोट हलकेच आत. तीन श्वासांत घाम फुटला. दुसऱ्या आठवड्यात एक टाच वर, मग दुसरी. मग हात न टेकता खुर्चीतून उठायचं. ते बारा दिवस जमलं नाही. तेराव्या दिवशी ती उठली आणि इतकी दचकली, की परत बसली. आम्ही दोघं हसत सुटलो. आता ओट्याला धरून एका पायावर उभी राहते. होय, तेच, तू सांगून गेली होतीस तेच. रत्नानं सांगितलं तेव्हा मी नको म्हणालो. मम्मी म्हणाली, "तुम्ही बाहेर जा, आम्हाला शिकू द्या."

मी बाहेर गेलो नाही. मागे उभा राहतो, दोन्ही हात पुढे करून, न शिवता.

बेबाबाई परवा असोद्याहून केळी घेऊन तिला भेटायला आल्या. म्हणाल्या, "बाई, मी बी अशीच रडत होते. आता भाकरी थापाले खाली बसते नि माही मीच उठते. कोनाले हात मागत नी." मम्मीनं ते वाक्य धरून ठेवलंय. आता स्वयंपाकघरात वॉकर नेत नाही. काल तिनं स्वतः उभं राहून शेवभाजी केली. तिखट इतकं पडलं की मला ठसका लागला, तरी मी दोनदा वाढून घेतली.

सुपडू एक बातमी घेऊन आलाय. पिंपळनेरकडची एक आजी तुझ्या जिन्यातून उतरताना त्यानं बघितली. जंगलातून मोळ्या आणणारी, कंबरेत वाकलेली. नाव जमना. त्यानं विचारलं, तर म्हणे, "ताईनी माले श्वास लेवाले शिकाडं. सोमवारले परत बलायेल शे." मी सुपडूला तीनदा विचारलं, नक्की वय काय असेल? तो म्हणाला, "सत्तरना खाले नही, शेठ."

मी मम्मीला सांगायला गेलो, आणि सांगता सांगता मला रडू आलं. तिनं रडू दिलं.

माझ्याबद्दल तुला जे वाटायचं ते वाटू दे. त्या बाईला शिकव.

तुझे,
पप्पा


धुळे, देवपूर
८ फेब्रुवारी २०२५

विधी,

मी वर आलेलो नाही. तू येऊ नका म्हणाली होतीस, ते लक्षात आहे. मी तुझ्या इमारतीच्या खाली, रसवंतीच्या बाकावर बसून हे लिहितो आहे.

आज सकाळी मम्मीनं परस्पर ठरवून टाकलं. पाच वाजता उठून बसली आणि म्हणाली, गाडी काढायला सांगा, धुळ्याला जायचंय. मी म्हणालो, विधीला फोन करू. म्हणाली, नको, ती खाली उतरून येईल आणि मला हाताला धरून नेईल. मला धरून कुणी न्यायला नकोय, असं तिचं म्हणणं. पारोळ्याला चहा घेतला. त्यापुढं सगळी वाट ती डोळे मिटून श्वास मोजत होती.

इथं आल्यावर मी तुझा जिना बघितला. सतरा पायऱ्या, कठडा एकाच बाजूला. ती पडल्यापासून एकही जिना चढलेली नाही, आपल्या माडीचासुद्धा नाही. घरी उंबऱ्याशी ठेवलेल्या लाकडी पाटावर रत्ना तिच्याकडून चढ-उतार करून घेते, तेवढाच सराव. मी म्हणालो, मी मागे राहतो. ती म्हणाली, "तुम्हाला कुठं बोलावलंय? तुम्ही बसा." मग सुपडू दोन पायऱ्या मागं राहील असं ठरलं. त्यालाही तिनं बजावलंय, मी हाक मारल्याशिवाय हात लावायचा नाही. चुकायची नाही ती. चांगला पाय आधी वर, श्वास सोडत, मग दुसरा. प्रत्येक पायरीवर थांबणार, घाई करणार नाही. तुझंच शिकवणं, रत्नाच्या हातून आलेलं.

काय लिहू विचारलं, तर म्हणाली, "लिहा काय लिहायचं ते. ती चिठ्ठी मी नेईन. कुणाच्या हाती पाठवू नका." म्हणून ही चिठ्ठी घडी करून तिच्या हातात देतो आहे. पिशवीत ठेव म्हणालो, तर नको म्हणाली. एका हातात कठडा, दुसऱ्या हातात ही.

तू हे वाचते आहेस, म्हणजे ती वर पोचली.

आधी तिला बसव. पाणी दे. मग तिच्याकडं नीट बघून घे. तुझ्यामुळं पडलेली नव्हती ती, आणि आज उभी आहे ती तुझ्यामुळं. वर्गात घे तिला. बेबाबाईंनी सांगितलंय, पोट आत घेताना तिला गप्पा मारू देऊ नको, ती लबाडी करते.

मी इथंच आहे. पाठ ताठ ठेवून बसलो आहे. बोलावलं नाहीस तरी चालेल, तिचं होईपर्यंत मी बसतो आणि तिला घेऊन जातो. बोलावलंस, तर जास्त काही करू नकोस. खिडकीत येऊन नुसतं 'पप्पा' म्हण. तीन वर्षं झाली, ते ऐकून.